नीलगाय आई

श्यामकांत पारसनीस रंगमंचावर नुसते आले तरी लोक हसायचे. अजून तोंड उघडलेलं नसायचं, खांद्यावरचा पंचासुद्धा नीट बसलेला नसायचा, आणि पहिल्या रांगेत खसखस पिकायची. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक नाटक व्हायचं आणि त्यातला घरगडी म्हणजे श्यामकांतराव, हे इतकं ठरलेलं होतं की त्यांना कुणी विचारायच्या फंदात पडत नसे. डोळे गरागरा फिरवायचे, चहाचा ट्रे घेऊन अडखळायचं, मालकीणबाईंना उलट उत्तर द्यायचं. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

बाकी वर्षभर ते एका मंत्रालयात असिस्टंट होते. राहायला मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. सकाळी चार्टर्ड बस, संध्याकाळी तीच बस, बसमध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून चालणारा पत्त्यांचा डाव. घरी बायको हेमलता, मुलगा सुधन्वा आणि मिरजेहून आणलेली आई.

आईला दिल्लीत येऊन बरीच वर्षं झाली होती, पण हिंदीशी तिनं सोयरीक केली नाही. भाजीवाल्याशीही ती मराठीतच भांडायची, आणि तोही बिचारा भाव कमी करायचा. बाल्कनीत बसून ती खालची माणसं बघायची आणि श्याम बसमधून उतरला की वरूनच ओरडायची, "श्याम, रुमाल आहे का खिशात?" पन्नाशीच्या माणसाला सगळ्या सोसायटीदेखत! श्यामकांतरावही रुमाल काढून वर हलवून दाखवायचे. त्यांना काही त्याची लाज वाटली नाही.

ती आजारी पडली ते निमोनियाचं निमित्त झालं. हॉस्पिटलातल्या बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेशिवाय सोडत नसत, आणि हेमलता त्याच आठवड्यात कावीळ होऊन अंथरुणाला खिळलेली. त्यामुळे म्हातारीजवळ घरचं बाईमाणूस कुणी नव्हतं. श्यामकांतराव बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे. एका सकाळी आत गेले तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

पडद्याबाहेर वॉर्डातली आया उभी होती. चांगली बाई होती, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "बाबूजी, माताजी रातभर पूछती रहीं, आई? आई? मैंने कहा, अभी नहीं आई, आ जाएगी. किसको आना था?"

श्यामकांतरावांना क्षणभर काही उलगडलंच नाही. मग उलगडलं. म्हातारी कुणाची वाट बघत नव्हती. ती तिच्या आईला हाक मारत होती, सहा वर्षांची असताना गेलेल्या आईला. आणि रात्रभर तिला उत्तर मिळत राहिलं होतं की अजून नाही आली, येईल.

हे आयाला समजावून सांगायला हवं होतं. आमच्यात आई म्हणजे माँ, एवढंच. पण ते त्यांना जमलं नाही. "हाँ," ते कसेबसे म्हणाले, "आनेवाली थीं." शेजारच्या खाटेवरच्या बाईनं लगेच मान हलवली. सून असणार, आली नाही बघा शेवटपर्यंत. हेमलताच्या माथी तो ठपका तिच्या नकळत बसला.

दहाव्या दिवशी मंडळाची माणसं भेटायला आली. श्यामकांतराव सगळं सांगत होते, आजार कसा झाला, औषधं कुठली दिली, आणि शेवटी आयाचं ते बोलणं. तिथं पोचले आणि त्यांचा आवाज चिरकला. चेहरा वेडावाकडा झाला. हरिदास कुळकर्णी म्हणून मंडळाचे कार्यवाह होते, ते फिस्सकन हसले. लगेच त्यांनी तोंडावर हात दाबला, मेल्याहून मेल्यासारखे झाले, "श्यामराव, माफ करा, मला वाटलं तुम्ही..." म्हणून हात जोडले. काय वाटलं ते सगळ्यांनाच कळलं होतं. वाक्य अर्धंच राहिलं, त्याबरोबर श्यामकांतरावांचं रडणंही. जे आत गेलं ते पुन्हा बाहेर आलं नाही.

हसवणाऱ्या माणसाला रडायची मुभा नसते असं कुणी ठरवलं कोण जाणे. पण ठरवलंय खरं, आणि आपण सगळे ते पाळतो. त्या वर्षीपासून श्यामकांतरावांनी नाटकात काम करायचं सोडलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "गंभीर काम असेल तर सांगा." लोक यावरही हसायचे.

त्यांना खरोखरच एक गंभीर काम हवं होतं. फार मोठं नको. एकदा, फक्त एकदा, आपल्या चेहऱ्याकडे बघून समोरचा हसू नये, एवढंच. हेमलताला ते बोलून दाखवलं नव्हतं. पण ते आरशासमोर दाढी करताना चेहरा गंभीर ठेवून बघायचे, हे तिनं पाहिलं होतं.

मध्ये तीन-चार वर्षं गेली. सुधन्वा गुडगावच्या एका कॉल सेंटरात लागला. संध्याकाळी गाडी न्यायला यायची, तिथं तो स्टीव्ह व्हायचा आणि अमेरिकेतल्या लोकांची वॉशिंग मशीनं दुरुस्त करून द्यायचा. घरच्या मशीनचा ड्रायर महिनोन्‌महिने बंद होता ती गोष्ट वेगळी. गुडगावात तेव्हा जिकडे तिकडे टॉवर उठत होते. एका बाजूला काचेची इमारत, दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत, आणि शेतातून नीलगायी सरळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभ्या राहायच्या. कार धुणारे त्यांना फडकं दाखवून हाकलायचे.

ते बघून सुधन्वाचा टीम लीडर हरीश याच्या डोक्यात पिक्चर शिजला. मेरठचा मुलगा, सिनेमाचं वेड डोक्यात गेलेलं. जमीन गेलेल्या नीलगायी रागावतात आणि टॉवरमधल्या एकेका रहिवाशाला ठार मारतात, ही गोष्ट. नाव 'सेक्टर छप्पन की नीलगाय'. पैसे नव्हतेच. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या चुलतभावाचा, नट ऑफिसातले, आणि नीलगाय हेमलतानं घरच्या मशीनवर शिवलेली. दोन करड्या ब्लँकेटांची एक नीलगाय. पुढच्या पायांत हरीशचा एक मित्र, मागच्या पायांत सुधन्वा. डोकं थर्माकोलचं. हरीशनं तिला शिंगं लावून घेतली. शिंगं नराला असतात, मादीला नसतात, पण ऐकतो कोण.

सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ताजी, म्हणजे पहिला बळी, यांच्यासाठी वयस्क माणूस हवा होता. सुधन्वानं बाबांचं नाव सुचवलं. हरीशनं मंडळाच्या नाटकाची जुनी कॅसेट बघितली आणि घाबरला. "यार, अंकल तो कॉमेडी करने लग जाएँगे. मुझे कॉमेडी नहीं चाहिए. कॉमेडी तो गाय है. अंकल को बिल्कुल सच में मरना है, तभी लोग हँसेंगे."

मग दोघांनी मिळून ठरवलं, की हा हसण्याचा पिक्चर आहे हे बाबांना सांगायचंच नाही. हेमलताला मात्र ब्लँकेटं शिवताना सुधन्वानं सांगून टाकलं. "मम्मी, बाबांना बोलू नकोस हां, प्लीज. सरप्राइज आहे." तिनं मशीन थांबवलं, काही बोलणार होती, तेवढ्यात श्यामकांतराव आत आले आणि म्हणाले, "गंभीर भूमिका आहे गं. मृत्यूचा प्रसंग आहे." त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. पुढे तिला त्याबद्दल फार वाईट वाटत राहिलं. पण त्या क्षणी ते सांगण्याचा धीर तिला झाला नाही, आणि आपल्यालाही झाला नसता.

शूटिंग जानेवारीतल्या एका रविवारी झालं. धुकं होतं, अर्ध्या बांधलेल्या टॉवरचं पार्किंग बर्फासारखं गार पडलं होतं. संवाद काही नव्हता. गेटला कुलूप लावायचं, मागून गाय येते, वळायचं, शिंग पोटात, पडायचं, मरायचं. टोमॅटो सॉस लावलेला पांढरा शर्ट एकच, म्हणून टेकही एकच. हरीशनं सगळ्यांना आधीच दम भरला होता, कुणीही हसायचं नाही, अंकलना कळता कामा नये.

"अंकलजी, बिल्कुल सीरियस," त्यानं श्यामकांतरावांना सांगितलं. "समझिए सच में जान जा रही है."

"फिकर मत करो बेटा," ते म्हणाले.

गाय आली. मागचे पाय पुढच्या पायांशी जुळत नव्हते, पण श्यामकांतराव वळले ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते कोसळले. पाठीखाली गार सिमेंट, वर धुक्यात हरवलेले मजले. मरताना माणूस काय करतो, हा विचार त्यांनी आठवडाभर केला होता, पण ऐन वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, "आई..."

मग पुन्हा, मोठ्यांदा, "आई! आई!" इतक्या वर्षांपूर्वी अडलेलं सगळं त्या दोन अक्षरांतून बाहेर आलं. ती पडद्यामागची खाट, ती रात्रभर मारलेली हाक, तिला कुणी न दिलेली ओ. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हरीश कट म्हणाला तरी ते थांबले नाहीत.

मान वळवून त्यांनी पाहिलं, तर कॅमेऱ्यामागे हरीशचे डोळे पाण्यानं भरले होते. एका मुलीनं ओढणी तोंडात कोंबली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. एक मुलगा तर खांबाकडे तोंड करून उभा होता. ब्लँकेटच्या गायीचा मागचा भाग नुसता थरथरत होता. श्यामकांतराव उठून बसले आणि त्यांनी त्या पोरांना हात जोडले.

घरी आले ते हलके होऊन. हेमलताजवळ बसून म्हणाले, "रडली गं पोरं. माझ्याकडे बघून रडली." आणि मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, आईच्या नावानं, पहिल्यांदा पोटभर रडले. तिनं त्यांना थोपटलं. मनात म्हणाली, देवा, हा पिक्चर कधी पुरा होऊच देऊ नकोस.

पण पिक्चर पुरा झाला. गुडगावच्या एका नव्या मॉलमधलं थिएटर रविवारी सकाळच्या वेळेपुरतं मिळालं. हेमलतानं डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, गुडगाव लांब पडतं म्हणून पाहिलं. श्यामकांतरावांचे पाय भुईला लागत नव्हते. लग्नकार्यात घालायचा कोट त्यांनी काढला. मंडळाच्या माणसांना फोन करून बोलावलं, हरिदास कुळकर्ण्यांना तर दोनदा. "हरिदासराव, तुम्ही यायलाच हवं," एवढंच म्हणाले, का ते नाही सांगितलं.

पिक्चर सुरू झाल्या झाल्या लोक हसायला लागले. श्यामकांतरावांना वाटलं, सुरुवात हलकीफुलकी ठेवली असेल, तशी ठेवतात. मग गेट दिसलं, कुलूप दिसलं, आणि ते स्वतः दिसले. त्यांनी हेमलताचा हात धरला.

पडद्यावरचे श्यामकांतराव कोसळले. "आई!" लगेच पुढच्या दृश्यात थर्माकोलच्या डोक्याची नीलगाय दुडक्या चालीनं येताना दिसली. "आई!" आणखी एक नीलगाय आली. "आई!" आता त्याच एका गायीची चित्रं जोडून केलेला सगळा कळप. हरीशनं ती हाक कापून, जोडून, पुन्हा पुन्हा लावली होती. हिंदीत त्याचा अर्थ इतका सरळ होता, की त्यात त्याला शंकाही आली नव्हती. मरणारा माणूस ओरडतोय, आली, आली, आली! थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. शिट्ट्या वाजल्या, मागच्या रांगेतली पोरं खुर्च्या बडवत ओरडायला लागली, "आई! आई!"

मराठी मंडळी तर दुप्पट हसत होती. त्यांना दोन्ही अर्थ कळत होते. हरिदास कुळकर्णी डोळे पुसत मागून वाकले आणि त्यांनी पाठीवर थाप मारली. "वा श्यामराव! गायीला आई केलीत! तुमच्यासारखे तुम्हीच!"

हेमलताच्या हातातला हात गार पडला होता. ती एकटीच हसत नव्हती. तिला वाटलं, हे आता उठून जातील, किंवा ओरडतील, निदान रडतील तरी. पडद्यावरच्या उजेडात तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ थोडे उघडे होते, ते पडद्याकडे बघत होते, आणि प्रत्येक "आई"ला त्यांची पापणी हलत होती.

दिवे लागले तेव्हा हरीशनं पुढे जाऊन हाक दिली, "और ये हैं हमारे गुप्ताजी!" श्यामकांतराव उठले. कोटाची बटणं लावली. सगळ्या थिएटरकडे तोंड करून त्यांनी डोळे गरागरा फिरवले, दचकल्यासारखं मागं बघितलं, आणि खुर्चीला अडखळले. टाळ्यांचा पाऊस पडला.

घरी परतताना टॅक्सीत सुधन्वाला आनंद मावत नव्हता. "बाबा, ती लाइन स्क्रिप्टमध्ये नव्हतीच! मी गायीच्या आत होतो ना, इतका हसलो की पडणारच होतो. तुम्हाला कसं सुचलं यार, 'आई'?"

"सुचलं," श्यामकांतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले.

घरी आल्यावर ते आंघोळीला गेले आणि हेमलतानं मुलाला स्वयंपाकघरात बोलावलं. "ते गायीला म्हणत नव्हते रे," ती म्हणाली. सुधन्वाला कळेना. जन्मापासून तो तिला मम्मी म्हणत आला होता, म्हातारीला आजी. आई हा शब्द त्याला माहीत होता, पण पुस्तकातला, मंडळाच्या गाण्यांतला, फार तर बाबांनी आजीला मारलेल्या हाकेतला. कुणाला त्या नावानं हाक मारायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. मग हेमलतानं त्याला वॉर्डातली ती सकाळ सांगितली, आयाचं बोलणं सांगितलं, हरिदासरावांचं हसणं सांगितलं. तो ओट्याला टेकून उभा होता, तो तिथंच खाली बसला.

बाथरूममधून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. श्यामकांतराव बाहेर आले तेव्हा सुधन्वा दाराशीच उभा होता. "बाबा, मला माहीत नव्हतं. मी हरीशला सांगतो, तो आवाज काढून टाकेल."

"कशाला? लोक हसले ना? झालं तर मग." टॉवेल वाळत घालून ते पेपर घेऊन बसले. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं जात नव्हतं.

सुधन्वानं हरीशला सांगितलं. हरीश वाईट नव्हता, ऐकून पांढराफटक पडला. पण तोवर सीडी निघाल्या होत्या आणि गुडगावच्या ऑफिसांतून हातोहात फिरत होत्या. एकीच्या चार कॉपी होत होत्या. पिक्चर कुणाला आठवत नसे, पण तेवढा तुकडा सगळ्यांना पाठ. महिन्याभरात तो मयूर विहारातही पोचला.

मग सोसायटीतल्या पोरांना नवा खेळच सापडला. श्यामकांतराव बसमधून उतरले की क्रिकेट थांबवून पोरं ओरडायची, "अंकल, आई! आई!" आणि श्यामकांतराव दरवेळी ब्रीफकेस छातीशी धरून, डोळे मोठे करून मागं वळून बघायचे. पोरं लोळायची हसून. सुधन्वानं एकदा पोरांना रागे भरून पाहिलं, तर तेच म्हणाले, "राहू दे रे. पोरं आहेत."

हेमलता कधीकधी बाल्कनीत असायची, म्हातारीच्याच जागी. एकदा तिनं पाहिलं, पोरं आपल्या खेळात कधीच परत गेली होती आणि हे अजून तसेच उभे होते, मान मागं वळवून, गेटकडे बघत. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. वर बाल्कनीकडे बघून हलवणार, तेवढ्यात तिथं हेमलता दिसली. त्यांनी त्याच रुमालानं कपाळ पुसलं आणि जिना चढू लागले.

नाटकात त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. घरगड्याचंच. निवृत्त झाले, सुधन्वाचं लग्न झालं, त्यानं गाझियाबादला फ्लॅट घेतला आणि दोघांना तिकडे नेलं. मयूर विहारला मेट्रो आली ती त्यांनी फक्त पेपरात पाहिली. त्याच हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. आईचंच दुखणं, वेगळ्या नावानं आलेलं.

गाझियाबादच्या नर्सिंग होममध्ये सुधन्वानं रजा टाकून मुक्काम ठोकला. इथं कुणी त्याला बाहेर बसवत नव्हतं. त्या दुपारी हेमलता घरी पेज आणायला गेली होती. श्यामकांतरावांचा ऑक्सिजनचा मास्क घामानं ओला झाला होता. डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले.

"आई," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "आई."

सलाइन बदलणारी नर्स वळली. केरळची असावी, हिंदी जपून बोलायची. "कौन आई, अंकल?" तिनं वाकून विचारलं. मग सुधन्वाकडे बघितलं. "किसको पूछ रहे हैं? आंटीजी को?"

"नहीं," सुधन्वा म्हणाला. "पूछ नहीं रहे. बुला रहे हैं. हमारे यहाँ माँ को आई कहते हैं. अपनी माँ को बुला रहे हैं."

आपले बाबा जे एका आयाला सांगू शकले नव्हते, ते त्यानं सांगितलं. एवढं तरी त्याला सांगायचंच होतं.

"अच्छा," नर्स म्हणाली. बिचारी नवी होती, थकलेलीही होती. सलाइनची गती तिनं ठीक केली आणि साधेपणानं म्हणाली, "तो बुलवा लीजिए न उनको."

 खाटेवरून पुन्हा हाक आली, आता अगदी बारीक, लहान मुलासारखी. सुधन्वानं खुर्ची पुढं ओढली. बाबांच्या उशाशी रुमाल होता, त्यानं त्यांचं कपाळ पुसलं आणि रुमाल त्यांच्या मुठीत दिला.

"ओ, श्याम," तो मराठीत म्हणाला. "आले रे."